बिल पाठवायला हात का धजत नाही: फ्रीलान्स काम आणि अँग्झायटी

काम झालेलं असतं. लग्नाचा व्हिडिओ एडिट करून दिलाय, नवरदेवाच्या भावाने "एक नंबर भाऊ" म्हणून दोनचार अंगठे पण पाठवलेत, आता राहिलेले आठ हजार मागायचे एवढंच बाकी. मेसेज टाइप होतो, खोडला जातो, परत टाइप होतो, मग आठवतं की आज अमावस्या आहे, आजच्या दिवशी पैशाचं कशाला काढायचं, उद्या टाकू, आणि त्या उद्याचे बघता बघता तीन आठवडे होतात. घरचे म्हणतात पोरगं लाजतंय, मित्र म्हणतात तुला धंदा जमत नाही. बऱ्याच जणांच्या बाबतीत दोन्ही खरं नसतं. आत अँग्झायटी, म्हणजे सारखी आत राहणारी भीती-काळजी, बसलेली असते आणि ती कशी चालते हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं, म्हणून हा लेख.

हे लिहायचं कारण म्हणजे असं काम करणारी पोरं-पोरी आता मराठवाड्यात गावोगाव झालीत. संभाजीनगर, लातूर, नांदेड सोडा, सेलू, परळी, उदगीर, वसमतला पण कुणी फ्लेक्सचं डिझाइन करतंय, कुणी लग्नपत्रिका, कुणी नेत्यांच्या रोजच्या पोस्टी, कुणी यूट्यूबचे थंबनेल, कुणी भाषांतर, कुणी पुण्याच्या एजन्सीसाठी चित्रं काढतंय. यातले निम्मे स्वतःला फ्रीलान्सर, म्हणजे नोकरी न करता एकेक काम घेणारे, म्हणत पण नाहीत, "घरूनच काम असतं" म्हणतात. आणि घरी बसून एकट्याने चालणाऱ्या या कामात अँग्झायटीला जेवढं मोकळं रान मिळतं तेवढं नोकरीत मिळत नाही, ते का ते बघू.

आधी शरीराचं. मेंदूत अमिग्डला नावाचा एक लहान भाग आहे, त्याचं काम धोका दिसला की बोंब मारणं. मग ॲड्रेनालिन नावाचं हार्मोन सुटतं, छाती धडधडते, श्वास वर-वर चालतो, पोटात गोळा येतो, तळहाताला घाम सुटतो. पळायचं किंवा लढायचं असेल तर हे सगळं उपयोगाचंच आहे. अडचण अशी की समोर साप असला काय आणि क्लायंटचा नुसता "कॉल करा" असा मेसेज असला काय, ही यंत्रणा दोन्ही वेळेला तशीच पेटते, आणि मेसेजपुढून पळून जायला जागा नसते म्हणून माणूस फोन उलटा ठेवतो. फोन उलटा ठेवला की दोन मिनिटात बरं वाटतं.

हे जे बरं वाटतं ना, खरी गोम तिथं आहे. मेंदू त्यातून शिकतो. "बिल पाठवलं नाही, आणि काही वाईट झालं नाही, म्हणजे न पाठवल्यामुळेच वाचलो" असा हिशेब तो लावतो, आणि पुढच्या वेळी तेच बिल आणखी जड वाटतं. टाळलेली गोष्ट दर वेळी थोडी मोठी होते. त्यात तीन आठवडे गेले की आता "एवढ्या उशिरा कसं मागू" ही नवीन लाज वरून चढते. नोकरीत या चक्राला मधेच कुणीतरी आडवं येतं, दहा वाजता साहेब विचारतो काय झालं त्या फाइलीचं, आणि मग घाबरत का होईना ती गोष्ट होते. फ्रीलान्सला विचारणारं कुणी नाही. जे स्वातंत्र्य म्हणून आपण हे काम निवडलं त्याच स्वातंत्र्यात टाळाटाळीला कुणी हटकत नाही, आणि तिचा दंड त्या दिवशी नाही तर दोन महिन्यांनी भरावा लागतो.

दुसरी गोष्ट अनिश्चिततेची. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मिशेल डुगास, मार्क फ्रीस्टन वगैरे मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात एक गोष्ट नीट मांडली, की सतत चिंता करणाऱ्या माणसाला वाईट घडण्याइतकंच, कधीकधी त्याहून जास्त, "काय घडेल ते माहीत नसणं" सोसत नाही. स्पष्ट नकार आला तर तो एक दिवस नाराज होऊन जेवून झोपतो, पण निळी टिक दिसतेय आणि उत्तर नाही यात त्याची रात्र जाते. आता फ्रीलान्सचा सगळा दिवस कशाचा बनलाय? कोटेशन दिलंय, उत्तर नाही. काम दिलंय, आवडलं का कळलं नाही. पुढच्या महिन्यात काम आहे का, माहीत नाही. म्हणजे ज्याला जे सोसत नाही तेच त्याला रोज तिन्ही त्रिकाळ.

मग ही अनिश्चितता मारायला माणूस काय करतो, तर तपासतो. दर पाच मिनिटाला फोन बघणं, मित्राला "खरं सांग कसं झालंय" म्हणून चार वेळा विचारणं, रात्री दोन वाजता उठून परत ते डिझाइन उघडून अक्षरातलं अंतर एक पॉइंट इकडं-तिकडं करणं. बाहेरून ही मेहनत दिसते आणि कौतुक पण होतं, पण ते टाळण्याचंच दुसरं तोंड आहे, कारण जोवर करेक्शन चालू आहे तोवर फाइल पाठवायची वेळ येत नाही. म्हणून एकाच माणसाची दोन कामं उशिरा गेलेली असतात, एक हात न लावल्यामुळं आणि एक जास्त हात लावल्यामुळं. आळशीपणा असता तर दुसरं घडलंच नसतं.

आता यावर करायचं काय. "पॉझिटिव्ह राहा" वाल्यांना मी हात जोडतो. माझं म्हणणं एवढंच की धंद्याचे निर्णय घाबरलेल्या डोक्याने जागेवर घ्यायचे नाहीत, शांत असताना आधी घेऊन लिहून ठेवायचे, आणि वेळ आल्यावर नुसतं ते कागदावरचं वाचायचं. रेटचंच बघा. क्लायंट फोनवर विचारतो लोगोचे किती घेता, आपली छाती धडधडते, आणि तोंडातून मनातल्या आकड्याच्या निम्मा आकडा निघतो, वर आपणच म्हणतो "तुम्ही बघून द्या". हा आकडा कामाचा नसतोच, तो फोन लवकर संपावा म्हणून मोजलेली किंमत असते. त्यापेक्षा भिंतीवर कागद लावा: लोगो एवढे, लग्नपत्रिका एवढे, तीन मिनिटाचा व्हिडिओ एवढे, ओपन फाइल, म्हणजे ज्यात नंतर बदल करता येतात अशी, पाहिजे तर वेगळे. आणि फोनवर रेट सांगायचाच नाही, "व्हॉट्सअपवर टाकतो" म्हणायचं. हे वाक्य पाठ करून ठेवा, फार वाचवतं.

करेक्शनचं पण तसंच. दोन करेक्शन रेटमध्ये, तिसऱ्यापासून प्रत्येकी पैसे, असं कामाआधी लिहून पाठवलं तर फ्लेक्सवर भाऊच्या फोटोपेक्षा दादाचा फोटो मोठा करा आणि मग दादापेक्षा साहेबांचा, हे अकरा वेळा होत नाही. झालंच तर त्याचे पैसे होतात. सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉची ओपन फाइल द्यायची का नुसतं जेपीजी चित्र, हेही तेव्हाच. लोकांना याचा राग येत नाही, राग येतो तो मधेच सांगितल्यावर.

ॲडव्हान्स मागताना सगळ्यात जास्त पोटात गोळा येतो, पण आपल्याकडं बँडवाला, मंडपवाला, आचारी सगळे इसार घेतल्याशिवाय तारीख धरत नाहीत आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मग एडिटरनेच काय पाप केलंय? अर्धे आधी, अर्धे फायनल फाइल द्यायच्या आधी, आणि तोवर वॉटरमार्कवाली, म्हणजे वर आपलं नाव छापलेली कॉपी. मेसेज असा ठेवा: "नमस्कार, काम घेतो. एकूण ८,०००, त्यातले ४,००० आले की सुरू करतो, दहाव्या दिवशी पहिली कॉपी मिळेल. क्यूआर खाली आहे." बास. याच्या पुढं "तुम्हाला जमेल तसं", "घाई नाही", "सॉरी हं" यातलं काहीही जोडायचं नाही. आणि पाहुण्याच्या ओळखीचं काम असलं, "पैसे काय पळून चाललेत का" असं कुणी म्हणलं, तर डिस्काउंट द्या हवं तर, इसार मात्र घ्याच. ओळखीत अडकलेले पैसे मागायला सगळ्यात अवघड असतात.

पैशाचा भाग थोडा सविस्तर घ्यायला लागेल, कारण बऱ्याच जणांची निम्मी चिंता आजार कमी आणि हिशेब जास्त असते. आपल्या कामाला हंगाम असतो. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, मग शिवजयंती, १४ एप्रिल, मेअखेरपर्यंत श्वास घ्यायला वेळ नाही, आणि आषाढ लागला की सगळं चिडीचूप, ते गणपतीत पुन्हा जरा हलतं. निवडणूक आली तर रात्रंदिवस फ्लेक्स आणि पैसे निकालानंतर, तेही निवडून आला तर. आपल्या घरांमध्ये सोयाबीन विकल्यावर आलेला पैसा वर्षभर पुरवायचा ही सवय आजीपासून आहे, तेच इथं करायचंय: सगळी कमाई एका खात्यात येऊ द्या, त्यातून दर महिन्याच्या १ तारखेला स्वतःला एक ठरलेला पगार दुसऱ्या खात्यात टाका, आणि तो पगार चांगल्या महिन्यावरून ठरवायचा नाही, मागच्या वर्षाची सरासरी काढून त्याच्याही थोडा खाली ठरवायचा. तीन महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत नवीन लेन्स, नवीन मॉनिटर काही नाही. हे साठलं की एक गंमत होते, क्लायंटच्या गप्प बसण्याने पूर्वीइतकी छाती धडधडत नाही, कारण त्या एका उत्तरावर किराणा अवलंबून राहत नाही.

कंपनीसाठी किंवा एजन्सीसाठी काम करत असाल तर कायद्याची थोडी माहिती असू द्या, ती पण एक प्रकारची गोळीच आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि सरकारी पोर्टलवर एक रुपया लागत नाही, दीड-दोन हजार मागणाऱ्या नकली वेबसाइट आहेत त्यांच्यापासून लांब राहा. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लहान उद्योगाचे पैसे २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणं करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसात द्यावे लागतात, लेखी करार नसला तर १५ दिवसात, आणि उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. सरकारकडं ऑनलाइन तक्रार करता येते. शिवाय २०२४ पासून आयकराच्या नियमातच असं आहे की मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या कंपनीला तो खर्च दाखवून करात सूट घेता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळते, त्यामुळं मार्चच्या आसपास कंपन्यांचे अकाउंटंट आपणहून फोन करतात. बिलाच्या खाली उद्यम नंबर आणि "देय मुदत १५ दिवस" एवढं छापून ठेवलं तर आठवण करून द्यायचं अर्धं काम कागद करतो, तुमचा आवाज थरथरायचा प्रश्न येत नाही. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, कापला म्हणून घाबरू नका, व्यावसायिक फी म्हणून साधारण १० टक्के कापतात, रिटर्न भरल्यावर जास्तीचे परत येतात. आणि सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखाच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणीची गरज नसते, त्यामुळं "जीएसटी नंबर नाही म्हणून आपण बिल करूच शकत नाही" हा गैरसमज काढून टाका. बाकी सीएला एकदा बसून विचारा, रात्री तीनला गुगल करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आता टाळाटाळीचं चक्र उलटं कसं फिरवायचं. मानसोपचारात याला एक्सपोजर म्हणतात, म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्या जवळ लहान पायऱ्यांनी जायचं आणि भीती आपणहून उतरेपर्यंत तिथंच थांबायचं. आपल्या कामात पायऱ्या अशा लावता येतात: आधी जो क्लायंट नेहमी वेळेवर देतो त्यालाच बिल पाठवा, मग नवीन माणसाला, मग तीन महिने थकलेल्याला मेसेज, आणि सगळ्यात शेवटी त्यालाच फोन. मेसेज पाठवल्यावर डिलीट फॉर एव्हरीवन करायचं नाही आणि टिका मोजत बसायचं नाही, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून भांडी घासा, काहीही करा. सुरुवातीला जीव जातो असं वाटतं आणि बऱ्याचदा अर्ध्या-पाऊण तासात ते उतरतं, आणि मेंदूला शिकायचं असतं ते नेमकं हेच, की पाठवलं आणि वाचलो. फक्त हे एकदा करून भागत नाही. भीती जायची वाट बघून मग पाठवू असं ठरवलं तर ते कधीच होत नाही, क्रम उलटा आहे.

चिंतेला वेळ ठरवून देणं हा आणखी एक उपाय. अमेरिकेतल्या थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तो तपासला होता. दिवसातला अर्धा तास, समजा संध्याकाळी सहा ते साडेसहा, आणि रोज एकाच जागी, पण ती जागा अंथरूण नको आणि कामाचं टेबल पण नको. दिवसभर जे विचार येतील ते वहीत एका ओळीत लिहायचे, "सहाला बघू" म्हणायचं, आणि सहाला खरंच बसायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण निम्म्या ओळी सहा वाजेपर्यंत शिळ्या झालेल्या असतात. उरलेल्यांमध्ये एखाद-दुसरी खरी अडचण निघते, तिच्यापुढं उद्या काय करायचं ते लिहायचं.

चहाचं बोलायलाच पाहिजे. रेंडर लागलंय, म्हणजे कॉम्प्युटर व्हिडिओ तयार करतोय, म्हणून कटिंग, क्लायंट आला म्हणून कटिंग, असे दिवसाला आठ-दहा होतात, आणि कॅफिनने होणारी धडधड आणि भीतीची धडधड शरीराला वेगळी ओळखू येत नाही. दुपारनंतर बंद करून दोन आठवडे बघा. रात्री लाइट आणि नेट बरं चालतं म्हणून रात्रभर काम आणि दुपारी बारापर्यंत झोप, हे पण कमी करा, तुटक झोपेने चिंता वाढते यात शंका नाही. श्वासाचं एक सोपं, आत घेताना चार मोजा, सोडताना सहा-सात मोजा, सोडणं लांब असलं की हृदयाचे ठोके हळू होतात. फोन उचलायच्या आधी पाच वेळा.

हे सगळं करून पण सहा-सहा महिने बहुतेक दिवस चिंता उतरत नसेल, झोप, जेवण, काम बिघडत असेल, किंवा अचानक छाती भरून मरतोय की काय असे झटके येत असतील तर डॉक्टरकडं जायचं, घरगुती उपायाची हद्द तिथं संपते. छातीत दुखलं तर पहिला ईसीजी, ते अँग्झायटी समजून घरी बसू नका. थायरॉईड पण तपासा, ते वाढलं तर हुबेहूब अशीच लक्षणं दिसतात. संभाजीनगरला घाटी हे सरकारी हॉस्पिटल, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज, नांदेड आणि लातूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, इथं मानसोपचार विभाग आहे, ओपीडीला लांब रांग असते आणि ओळखीचं कुणी दिसलं तर काय ही धाकधूक असते हे मान्य, पण सरकारी असल्यामुळं खर्च फार कमी. घरून बाहेर पडणंच जमत नसेल तर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जगणं नको असं वाटायला लागलं तर लेख बाजूला ठेवून हाच नंबर आत्ता लावा.

गोळ्यांबद्दल दोन शब्द. रोज घ्यायच्या ज्या मुख्य गोळ्या देतात त्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे जातात, आणि पहिले काही दिवस उलट थोडं अस्वस्थ वाटू शकतं. नेमकं तेव्हाच लोक सोडतात. बरं वाटल्यावर आपल्या मनाने एकदम बंद करणं पण वाईट, हळूहळू कमी करतात. आणि मेडिकलवाल्या मित्राकडून चिठ्ठीशिवाय घेतलेली अल्प्राझोलामसारखी गोळी, "नुसती झोपेची आहे रे" म्हणून, ती लगेच बरं वाटवते आणि म्हणूनच तिची सवय लागते. "गोळ्या घेतल्या की डोकं चालत नाही, चित्र सुचत नाही" असं ऐकायला मिळतं. डोस जास्त झाला तर सुस्ती येते, ती डॉक्टरला सांगितली की बदलून देतात. आणि सुचणं भीतीमुळं येतं हे तर मला कधीच पटलेलं नाही, भीतीत माणूस नेहमी करून झालेलंच परत करतो.

घरच्यांचं वेगळंच. "काय करूलालास मग सध्या?" हा प्रश्न लग्नात, दहाव्याला, एसटीत कुठंही येतो, आणि विचारणाऱ्याला भरती, पगार, पीएफ यातलं काहीतरी ऐकायचं असतं. सगळं समजावत बसू नका. "व्हिडिओचं काम करतो, पुण्याच्या पार्टीचं" एवढ्यावर सोडा. आईवडिलांना मात्र महिन्याच्या १ तारखेला तो ठरलेला पगार खात्यात पडलेला दाखवा, "पोरगं दिवसभर मोबाईल घेऊन बसतंय" हे बोलणं त्याने जितकं कमी होतं तितकं वाद घालून होत नाही. आणि सुरुवातीला फ्लेक्सच्या दुकानात किंवा शाळेत अर्धा दिवस पगारी काम धरून उरलेल्या वेळात स्वतःचं करत असाल तर त्यात कमीपणा काही नाही, ठरलेली वेळ आणि ठरलेला पैसा दोन्ही अँग्झायटीला औषधासारखे लागू पडतात. पूर्णवेळ उडी मारायची घाई ज्यांना असते ते बहुतेक वेळा दुसऱ्याचे रील बघून आलेले असतात.

राहिलं क्लायंटला सांगायचं का हे. माझ्या मते आजाराचं नाव सांगायची काही गरज नाही, तारीख सांगायची गरज आहे. वाईट दिवस येणार हे धरूनच तारीख द्यायची, पाच दिवसाचं काम असेल तर आठ सांगायचे, आणि तरी जमलं नाही तर गायब व्हायचं नाही, कारण गायब झालेला माणूस परत फोन उचलू शकत नाही आणि मग क्लायंट पण जातो. हा मेसेज आजच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा: "तब्येत बरी नाही, काम गुरुवारी संध्याकाळपर्यंत देतो, तोवर झालेलं इथं पाठवतोय." त्या दिवशी फक्त वार बदलायचा आणि पाठवायचा.